वाय मीच दाबलं

गेलं. सगळं गेलं. लॅपटॉपचा पडदा काळा झाला आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ नुसती लुकलुक, लुकलुक, आणि माझं बोट तसंच बटणावर, उचलवेना. चित्र नाही, बाण नाही, खालची पट्टी नाही, पेंग्विनची गाडी नाही. इंग्रजीत ‘लॉगिन’ एवढंच. सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं झालेली. अकराला अलकापुरीत दवाखान्यात पोचायचं, दोन महिन्यांनी नंबर लागलेला, आणि तिथे जे दाखवायचं होतं ते त्या काळ्याच्या आत अडकलं.

मुलगी माझ्या मांडीवर होती. साडेतीन वर्षांची. तिने पडद्याला बोट लावलं, माझ्याकडे वळून बघितलं आणि गप्प बसली. ती गप्पच असते. सगळ्यांसमोर गप्प. सासूबाईंसमोर, हिच्या बाबांसमोर, बालवाडीत, दांडिया बाजारला माझ्या माहेरी गेलो तर तिथेही. बोलते ती एकाच वेळी. दुपारी सासूबाई झोपल्या, घरात आम्ही दोघीच, ती माझ्या मांडीवर आणि समोर लॅपटॉपवर तो गाड्यांचा गेम चालू, तेव्हा. पेंग्विन गाडी चालवतो, मागून बाकीची जनावरं येतात, वळणावर गाडी खाली तलावात पडते. पहिल्यांदा पडली तेव्हा ही ओरडली, “पडला!” मी इतकी दचकले की गाडी सोडूनच दिली. मग ती म्हणाली, “परत!” तिच्या तोंडचा दुसरा शब्द तो.

मी धावत जाऊन सासूबाईंना उठवलं होतं. त्या आल्या, समोर बसल्या, आणि ही तोंड मिटून बसली ती बसलीच. “तुला वाटलं असेल,” म्हणाल्या. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, “ठीक आहे ना, बोलेल.” कोणी खोटारडी म्हणालं नाही, पण माझ्याकडे बघायची जी तऱ्हा असते ना सगळ्यांची, नववीत शाळा सुटलेली, दिवसा गेम खेळणारी आई, ती मला कळते.

म्हणून मी रेकॉर्ड करायला लागले. मोबाईलवर जमेना, मोबाईल दिसला की तिला तोच हातात पाहिजे आणि कार्टून लावलं नाही की नुसते डोळे गाळणं. लॅपटॉपला वर बारीक कॅमेरा आहे. गेमच्या मागे कॅमेरा चालू ठेवायचा, तिला पत्ता नाही. असे तीन व्हिडिओ झाले. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे चिठ्ठी दिली तेव्हाच सांगितलं होतं, घरी बोलते तर घरचं काहीतरी घेऊन जा, तिथे ती बोलायची नाही. दोन महिने हातात होते. ते व्हिडिओ मी दुसरीकडे कुठेही काढून ठेवले नाहीत. आज करू, उद्या करू. आता कोणी हसलं तर हसू दे, पण खरं ते खरं.

आणि त्या सकाळी मला स्वस्थ बसवलं नाही. मला वाटलं, लॅपटॉपच घेऊन जावा, मॅडमच्या समोर गेम लावावा, म्हणजे बोललीच तर समोरच बोलेल. पण कॅमेरा आणि गेम दोन्ही एकदम लावले की गाडी अडकत अडकत चालायची. जुना डबा तो, ह्यांच्या प्लांटमधून निकालात निघालेला. ह्यांच्याकडे आला तेव्हा त्यात विंडोज होतं, चालू व्हायला चहा करून पिऊन होईल एवढा वेळ. वरच्या मजल्यावर टीचरबेन राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या, कॉम्प्युटर शिकवायच्या. त्यांनी त्यात लिनक्स घातलं. म्हणाल्या, हे फुकट आहे, जगातले लोक मिळून बनवतात, आतलं सगळं उघडं, कोणीही बघावं. आणि गेमपण तसाच. मी म्हटलं, मला आतलं काय कळणार? त्या म्हणाल्या, “कळवानुं पछी. पेलां अडवानुं तो चालू कर.” म्हणजे कळायचं नंतर, आधी हात तर लाव.

मी हात लावला. ह्यांच्या प्लांटची एक कोरी डायरी घेतली आणि टीचरबेन सांगतील ती मशीनला द्यायची एकेक आज्ञा त्यात उतरवली. माझी शाळा गुजराती, अक्षर गुजराती, घरात बोलणं मराठी आणि आज्ञा इंग्रजी, म्हणून डायरीत असं आहे की इंग्रजी शब्द गुजराती अक्षरात आणि बाजूला मराठीत काय होतं ते. दुसरं कोणी ती वाचूच शकत नाही. मला बरं वाटतं त्याचं. आणि दर आज्ञेच्या शेवटी मशीन विचारतं, पुढे जाऊ का, वाय की एन, म्हणजे हो की नाही. मी नेहमी वाय. ह्या घरात आल्यापासून मला कोणी कशाला विचारलं नव्हतं पुढे जाऊ का म्हणून, हे एक मशीन विचारतं, तर मी वाय म्हणायची. न वाचता. सवयच झाली.

तर त्या सकाळी इंटरनेटवर कोणीतरी लिहिलेलं सापडलं, गेम जड चालत असेल तर ही आज्ञा द्या, पडद्याच्या चित्राचं जुनं सामान निघून जाईल आणि गाडी सुसाट. मी दिली. पडद्यावर ही लांबलचक यादी आली, इंग्रजीत, ओळीवर ओळ. खाली, वाय की एन. आणि मी वाय दाबलं. नंतर कळलं, त्या यादीत लिहिलं होतं की हे हे सगळं काढून टाकणार, आणि त्यात आख्खा दिसणारा पडदाच होता. त्याने लपवलं नव्हतं. सांगून, विचारून काढलं.

मी किंचाळले असणार, कारण दीर आले. एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात, घरात त्या बाबतीत त्यांचाच शब्द. हातात टॉवेल, अर्ध्या गालाला साबण.

“काय झालं वहिनी? उडालं?”

“भाऊजी, आत व्हिडिओ आहेत.”

“होते म्हणा.” वाकून बघितलं. “फुकटच्या मालाला असंच होतं. द्या इकडे, वीस मिनिटांत विंडोज टाकतो. संध्याकाळी पासवर्ड घालून देतो, म्हणजे परत कोणी खाजवायला नको.”

“आणि आतलं?”

“आतलं पुसावंच लागणार. गेलेलंच आहे की.”

सासूबाई स्वयंपाकघरातून, “दे त्याला. कालपासून सांगतेय, डॉक्टरकडे जायचंय तर त्या डबड्याला हात लावू नको. ऐकतं कोण!”

दिरांनी हात पुढे केला. हे पहिल्या पाळीला गेलेले, प्लांटच्या गेटवर मोबाईल जमा, दुपारपर्यंत लागायचा नाही. खरं सांगते, मला दिरांची भीती वाटते, सासूबाईंची वाटते, डॉक्टरची वाटते, त्या काळ्या पडद्याची तर सगळ्यात जास्त. पण तो पुढे आलेला हात बघितला आणि मला वाटलं, ह्याच्या हातात एकदा गेलं की वीस मिनिटांत माझी मुलगी मुकी होणार. कायमची. कागदावर.

मी लॅपटॉप छातीशी धरला, मुलीला कमरेवर घेतलं, सासूबाई बोलत बोलत स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आल्या होत्या, त्यांच्या बाजूने आत शिरले आणि स्वयंपाकघराला आतून कडी घातली.

मग सासूबाई बाहेरून, “अगं, कुकर आहे आत!”

फ्रिज आणि भांड्यांच्या मांडणीच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा आहे, तिथे जमिनीवर बसले. टीचरबेनना फोन लावला. त्या आणंदला लेकीकडे. एक रिंग, दोन, चार. उचलला. मी जे बोलायला सुरुवात केली ते मलाच कळत नव्हतं, त्यांना काय कळणार.

“बेटा, रडवानुं पछी,” त्या म्हणाल्या. “पेलां वांच. शुं लख्युं छे?” रडणं नंतर, आधी वाच, काय लिहिलंय.

मी वाचलं. लॉगिन.

“मग घर पडलं नाही तुझं. नुसते दिवे गेलेत. अंधारात चालत जायचं आणि वस्तू उचलायची. नाव टाक.”

टाकलं. पासवर्ड मागितला. मी बटणं दाबते तर पडद्यावर काहीच उमटेना. एक ठिपका नाही. मी म्हटलं, बटणंही मेली. त्या म्हणाल्या, नाही, इथे पासवर्ड दिसत नाही, दाब आणि एंटर कर. कुकरची शिट्टी झाली. मी दचकून चुकीचं दाबलं.

“एक झाली!” बाहेरून.

परत टाकला. न दिसणारं लिहायचं आणि बरोबर आहे म्हणून विश्वास ठेवायचा. चुकलं. मुलगी रडायला लागली, आवाज न करता रडते ती, नुसते डोळे वाहतात. तिसऱ्यांदा एकेक अक्षर तोंडाने म्हणत टाकलं, आणि आत घेतलं.

“एल, एस, म्हणजे यादी,” टीचरबेन म्हणाल्या. “काय दिसतं?”

नावं दिसली. निळ्या अक्षरात माझ्या सगळ्या पेट्यांची, म्हणजे फोल्डरांची नावं. व्हिडिओवाल्या पेटीत शिरले, परत एल एस. आणि समोर तीन ओळी. मीच ठेवलेलं नाव. बोलते एक, बोलते दोन, बोलते तीन.

“बेन, आहेत!”

“असणारच. तू पडदा काढलास, कपाट नाही.”

“तीन झाल्या! बंद कर गं, डाळीचा गाळ होईल!” सासूबाईंनी दार वाजवलं.

मी उठून गॅस बंद केला आणि ओरडले, “केला, आई!” आणि परत बसले.

“वहिनी, दहाला मला निघायचंय,” दीर. “मग मला सांगू नका.”

“निघा तुम्ही.” एवढं मी बोलले. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यांना असं मी पहिल्यांदा बोलले.

पेनड्राइव्ह ओट्याच्या वरच्या डब्यात होता, भजनांचा, सासूबाईंचा. त्यात जागा होती. टीचरबेननी आज्ञा सांगितल्या, मी डायरीत लिहिल्या, मग डायरीतून बघून टाकल्या, कारण ऐकून थेट टाकायचं तर अक्षर चुकायचं. आधी पेनड्राइव्ह जोडून घ्यायची आज्ञा, मग व्हिडिओ त्यात उतरवायची. एंटर केलं. रेघ थांबली, मग परत लुकलुकायला लागली. बाकी काही नाही.

“बेन, काही म्हणत नाही हे.”

“काही म्हणत नाही म्हणजे झालं. चुकलं असतं तर बोंबललं असतं.”

मी पेनड्राइव्हमध्ये एल एस केलं. भजनांच्या नावांच्या मधे तीन ओळी. बोलते, बोलते, बोलते. पावणेदहा झाले होते. कडी काढली. सासूबाई दारातच स्टूल टाकून बसल्या होत्या, दीर बूट घालत होते. मी कोणाकडे बघितलं नाही. मुलीचं तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, लॅपटॉप गादीखाली सरकवला. हो, गादीखाली. मागून कोणी वीस मिनिटं काढली असती तर.

दवाखान्यात सासूबाई बरोबर आल्या. आमच्या घरापासून, समातून, रिक्षात आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही, मधे मुलगी, तीही नाही, रिक्षावाल्यानेच विचारलं, “केम बेन, बधां मौन व्रतमां?” सगळ्यांचंच मौनव्रत का म्हणून.

मॅडमनी मुलीला ठोकळे दिले, चित्रं दाखवली. हाक मारली. मुलगी ठोकळे रचत राहिली, ओठ शिवलेले. मॅडम कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पेनड्राइव्ह पुढे केला, तो हातातून टेबलावर पडला आणि मी परत उचलून दिला.

व्हिडिओ उघडला. पडद्यावर आमची दोघींची तोंडं, माझे केस पिंजारलेले, मी गाऊनवर, आणि माझा आवाज नुसता धो धो. “वळ वळ वळ, अगं भिंत, भिंत आली, ब्रेक कुठाय, गेला बाई तो हत्ती पुढे, मागनं मार त्याला, मार!” मला लाज वाटून मेल्यासारखं झालं. आणि मग मधेच, स्वच्छ, “पडला! आई, पडला! परत! परत कर!”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. परत लावला. डोळे मिटून ऐकला. दुसरा लावला, त्यात ती “हत्ती वाईट” म्हणते, आणि तिसऱ्यात स्वतःशीच हसून काहीतरी लांबच्या लांब, ते मलाही कळलेलं नाही.

सासूबाई पदर सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “आवाज माझ्या धाकट्या नणंदेवर गेलाय.” बस. पण त्यांचे डोळे बघितले मी.

मॅडम म्हणाल्या, तपासण्या कराव्या लागतील, आठवड्यातून दोनदा यावं लागेल, आणि महिनाभर स्क्रीन पूर्ण बंद. टीव्ही, मोबाईल, हा गेमही.

माझ्या तोंडून आलं, “नाही, मॅडम.”

सासूबाईंनी मला कोपर मारलं. मॅडमनी बघितलं, रागाने नाही, पण बघितलं. मी म्हटलं, टीव्ही बंद करते, मोबाईल बंद करते, कार्टून बंद करते. हा नाही. ह्यात ती बोलते. आख्ख्या बडोद्यात ती एका ठिकाणी बोलते आणि तुम्ही तेच बंद करायला सांगता. माझा आवाज चिरकत होता. मी कोण, नववीत शाळा सुटलेली, त्यांच्या मागे भिंतीवर एवढी सर्टिफिकेटं.

त्यांनी पहिला व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला. म्हणाल्या, “ती गेमशी बोलत नाहीये. तुम्ही इतक्या बोलता, त्याला ती उत्तर देतेय.” मग म्हणाल्या, “एकटीला कधीच द्यायचा नाही. दिवसातून एकदाच, अर्धा तास, तुमच्या मांडीवर, आणि असंच बोलत. नंतर हेच शब्द गेमशिवाय, जिन्यावर, अंघोळीला, सगळीकडे. महिन्याने बघू. फरक नाही पडला तर माझं ऐकायचं.”

मी हो म्हटलं. परतताना सासूबाई रिक्षात म्हणाल्या, “डॉक्टरीणबाईंनी बंद सांगितलंय.”

“ते आधी. मग काय म्हणाल्या?”

“मला पहिलंच ऐकू आलं.”

संध्याकाळी घरात सगळे जमले. हे पाळीवरून येऊन झोपून उठलेले, दोन्ही बाजू ऐकून झालेल्या, एक माझी, एक आईची. दीर ऑफिसातून आले ते विंडोजचा पेनड्राइव्ह खिशात घेऊनच. मी गादीखालून लॅपटॉप काढला, नेटची वायर थेट लावली, फोनवर टीचरबेन.

“वहिनी, व्हिडिओ निघाले ना आता? मग अडचण काय?” दीर म्हणाले. “तोच गेम विंडोजवरपण चालतो.”

“ह्या डब्यावर विंडोजच चालत नव्हतं. आणि पासवर्ड कोणाकडे राहील?”

“माझ्याकडे. सकाळी काय झालं बघितलं ना सगळ्यांनी?”

“बघितलं. मी मोडलं. मीच नीट करणार.”

“आणि परत मोडलं तर?”

“तर परत.”

हे म्हणाले, “अगं, तो शिकलेला आहे, देऊन टाक ना, कशाला वांधा घरात.” हे वाईट नाहीत. दमलेले असतात.

पडदा परत घालायची आज्ञा डायरीतून बघून टाकली. तीच लांब यादी आली, ओळीवर ओळ. ह्या वेळी मी वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द, जो अडला तो टीचरबेनना विचारून. सगळे उभे. सासूबाई म्हणाल्या, “ही काय पोथी लावलीय?” वाचायला पंधरा मिनिटं लागली. घालणार, घालणार, घालणार, काढणार काहीच नाही. सगळ्यात खाली, वाय की एन.

माझं बोट वर थांबलं. सकाळचंच बटण. घाबरले नव्हते असं नाही. दीर धपकन खुर्चीत बसले, तोंड पाडून, पेनड्राइव्ह बोटात फिरवत. मुलगी माझ्या मांडीवरून त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ. मग तिने त्यांच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “पडला.”

सगळ्यांसमोर. गेम नाही, पेंग्विन नाही, तलाव नाही.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडतात. हसत होत्या. हे खाली बसले तिच्यासमोर, “काय म्हणालीस? काय म्हणालीस?” आणि ती लगेच गप्प. परत ओठ शिवलेले.

दीर म्हणाले, “चला, आता बंद करा हे. गेमशिवाय बोलली ना? मग पाहिजे कशाला?”

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेही. त्यांच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. मॅडमचं पहिलं सांगणंही तेच होतं. कदाचित तेच बरोबर असेल, कदाचित महिन्याने मॅडम म्हणतील की चूक झाली, आणि ती सकाळच्यासारखी परत माझीच असेल.

मी वाचून, समजून, वाय दाबलं.

तुम्ही काय केलं असतं? त्या कडी घातलेल्या दाराआड, तीन शिट्ट्या होताना, न दिसणारा पासवर्ड टाकला असता की हात पुढे होता त्याला लॅपटॉप देऊन टाकला असता? आणि संध्याकाळी, एक शब्द तिने घरात सगळ्यांसमोर टाकल्यावर, तुम्ही लॅपटॉपचं झाकण मिटलं असतं का? खरं सांगा. माझ्या जागी बसून सांगा, मांडीवर ती आहे असं समजून.